तेलाचा डबा आणि सूर्यफुलाचं शेत



आज आपल्या बहुतेक घरांत सूर्यफुलाच्या तेलाचा डबा आहे, आणि आपल्या बीड जिल्ह्यात सूर्यफुलाचं शेत शोधायला निघालं तर दिवस मोडेल. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी नेमकं उलटं होतं. केज, अंबाजोगाई, परळीकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पिवळी रानं दिसायची, आणि घरात मात्र करडीचं नाहीतर शेंगदाण्याचं तेल असायचं. तेल घरात आलं तेव्हाच पीक रानातून गेलं. हे कसं झालं ते आज लिहिते आहे.

मी शेती केलेली नाही. माझं शिक्षण बी.कॉम., आणि सासरी मोंढ्यात अडतीचं दुकान. लग्नानंतर काही वर्षं संध्याकाळी मामंजींची कीर्द लिहायचं काम माझ्याकडे होतं. त्यामुळे मला ही गोष्ट जमा-नावेच्या अंगाने कळते, आणि तशीच सांगते.

करडीचे दिवस

मराठवाड्याचं जुनं तेल म्हणजे करडीचं. रब्बी ज्वारीच्या रानात काही ओळींनंतर करडीची एक ओळ, किंवा रानाच्या कडेने सगळीकडून करडी. झाडाला काटे असल्यामुळे जनावर आत शिरत नसे, म्हणजे कुंपणही झालं आणि तेलही. कोवळ्या पाल्याची भाजी व्हायची. खरिपात तीळ, कारळं, भुईमूग. रब्बीत करडी आणि जवस. प्रत्येक घराचं तेल अशा चार-पाच बियांतून निघायचं.

हे बी घाण्यावर न्यायचं, मजुरी द्यायची, तेल आणि पेंड घेऊन यायचं. पेंड गोठ्यात जायची. घाणा तेली समाजाचा. आपल्या समाजात धान्याच्या आणि तेलबियांच्या व्यापाराची घरं पुष्कळ, पण जुन्या काळी घाणा स्वतः चालवणारी थोडी. याचं कारण तुम्हाला माहीत आहे. श्रावकाने टाळायच्या ज्या पंधरा धंद्यांची, म्हणजे कर्मादानांची, नावं आपण घेतो त्यांत यंत्रपीडन आहे, म्हणजे घाणा किंवा चरक चालवून पिळण्याचा धंदा. त्यामुळे बी विकत घेणं आणि विकणं आपल्याकडे, पिळणं दुसऱ्याकडे, अशी वाटणी होती.

या जुन्या व्यवस्थेतली एक गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढे लागणार आहे. तेल कोणत्या रानातलं हे घरातल्या बाईला माहीत असायचं.

रशियातून आलेलं बियाणं

सूर्यफूल मूळ उत्तर अमेरिकेतलं. तिथले मूळ रहिवासी ते हजारो वर्षं पिकवत होते. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी ते युरोपात नेलं, पण तिथे बराच काळ ते बागेतलं शोभेचं झाड म्हणूनच राहिलं. त्याचं तेलाचं पीक झालं रशियात, आणि त्यामागची जी हकिगत सांगतात ती आपल्याला जवळची वाटेल अशी आहे. रशियातल्या ख्रिस्ती धर्मात ईस्टरच्या आधी मोठा उपवासाचा काळ असतो. त्यात लोणी, चरबी वगैरे पदार्थ वर्ज्य. सूर्यफूल नवीन असल्यामुळे त्याचं नाव वर्ज्य पदार्थांच्या यादीत नव्हतं. उपवासाला चालतं म्हणून लोकांनी त्याचं बी खायला आणि तेल वापरायला सुरुवात केली. पर्युषणात काय चालतं आणि काय चालत नाही यावर आपल्या स्वयंपाकघरांत किती चर्चा होते ते आठवा. अशाच एका नियमाने या झाडाचं नशीब बदललं.

१८३०च्या सुमारास अलेक्सेयेव्का नावाच्या गावी बोकारेव्ह नावाच्या माणसाने याचं तेल काढण्याचा उद्योग सुरू केला. पुढे विसाव्या शतकात क्रास्नोदार इथे पुस्तोवोइत या शास्त्रज्ञाने वर्षानुवर्षं निवड करत बियांमधलं तेलाचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं ते पन्नासच्या जवळ नेलं. त्याच्या वाणांपैकी 'पेरेडोविक' हे नाव सगळ्यात गाजलं.

आपला देश त्या काळात खाद्यतेलाच्या टंचाईत होता. १९६९मध्ये सोव्हिएत रशियातून सूर्यफुलाचे वाण भारतात आणले गेले. त्यांत पेरेडोविक होता. आपल्याकडे त्याला ई.सी. ६८४१४ असा क्रमांक मिळाला. चाचण्या झाल्या आणि १९७२-७३पासून शेतकऱ्यांच्या रानात लागवड सुरू झाली.

ही वर्षं आपल्याकडे कुणीच विसरलेलं नाही. १९७२चा दुष्काळ. रोजगार हमीची कामं, खडी फोडणाऱ्या बायका, सुकडी. त्याच वर्षी १८ मे रोजी परभणीला मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झालं. कमी पावसात काय पिकेल हा प्रश्न तेव्हा रोजच्या भाकरीचा होता, आणि सूर्यफूल आलं ते या प्रश्नाच्या काळात.

आपल्या जमिनीला ते का जमलं

आपला जिल्हा दोन स्वभावांचा. आष्टी, पाटोदा, शिरूरकडे बालाघाटाचा माळ, हलकी जमीन, पाऊस थोडा. गेवराई-माजलगावकडे गोदावरीकाठची काळी जमीन. केज, अंबाजोगाई, परळीलाही काळी जमीन बरीच. पाऊस सरासरी सातशे मिलिमीटरच्या आत, आणि तोही वेळेवर येईल याची खात्री नाही.

बहुतेक पिकं ऋतूला बांधलेली असतात. मूग-उडदाची पेरणी जुलैत चुकली की चुकलीच. सूर्यफुलाचं तसं नाही. दिवस लहान की मोठा याचं त्याला फारसं घेणंदेणं नसतं, म्हणून ते खरिपात, रब्बीत आणि उन्हाळ्यातही येतं. खरिपाची पेरणी जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात, रब्बीची ऑक्टोबरच्या सुरुवातीला, उन्हाळी फेब्रुवारीच्या सुरुवातीला, अशी शिफारस असते. काढणी त्यानंतर तीन महिन्यांत. कॅनडातल्या मॉर्डेन गावच्या नावाने ओळखला जाणारा बुटका वाण तर पंचाहत्तर-ऐंशी दिवसांतच तयार व्हायचा. मूळ खोल जातं, त्यामुळे वरची जमीन सुकली तरी खालची ओल मिळते.

याचा अर्थ शेतकऱ्याच्या दृष्टीने असा होता. पाऊस उशिरा आला आणि मूग-उडीद गेले, तर ऑगस्टमध्येही सूर्यफूल पेरता येतं. रब्बीला ज्वारीपुरती ओल नाही असं वाटलं, तरी सूर्यफूल टाकून बघता येतं. विहिरीला मार्चपर्यंत पाणी असेल तर उन्हाळी घेता येतं. तुरीत आंतरपीक म्हणूनही चालतं. घरातल्या डब्यात अडीनडीला ठेवलेल्या पैशासारखं हे पीक होतं. मुख्य कमाई दुसऱ्या पिकाची, पण ती हुकली की हे हाताशी.

मोंढ्यालाही ते सोयीचं होतं. तूर, हरभरा, ज्वारी यांची आवक वर्षातून एकदा. सूर्यफुलाची आवक ऑक्टोबरात, मग जानेवारी-फेब्रुवारीत, मग मेमध्ये. मी कीर्द लिहीत असताना हा शब्द वर्षभर कुठल्या ना कुठल्या पानावर असायचा. शेतकऱ्याच्या हातात तीनदा पैसा, म्हणजे उचल तीनदा फिटणार. मामंजी म्हणायचे, "हे पीक खातं मोकळं ठेवतं."

पेरणीपासून बडवणीपर्यंत बायका

आता जे सांगते ते शेतकरी घरांतल्या बायकांकडून ऐकलेलं आहे. दुकानावर माल घेऊन नवऱ्याबरोबर त्याही यायच्या, आणि हिशेब होईपर्यंत आमच्या ओट्यावर बसायच्या.

सूर्यफूल तिफणीने पेरता येतं, पण संकरित बी महाग, म्हणून बऱ्याच ठिकाणी टोकण करायचे. दोन ओळींत दीड-दोन फूट, दोन झाडांत एक फूट अंतर ठेवून वाकून एकेक बी टोकायचं. उगवलं की विरळणी, एका जागी एकच झाड ठेवायचं. मग खुरपणी. ही सगळी कामं बायकांची.

फूल उमललं की नवीन काम. सूर्यफुलाचं एक मोठं फूल म्हणजे शेकडो बारीक फुलांचा समूह असतो, आणि त्यांतल्या प्रत्येकात दाणा भरायचा तर दुसऱ्या झाडाचे परागकण तिथे पोचावे लागतात. हे काम मधमाश्यांचं. माश्या कमी असल्या की फुलाच्या मधोमध पोचट बी राहतं, वरून भरलेलं दिसतं पण आत काही नाही. म्हणून तज्ज्ञ सांगतात की फुलोऱ्याच्या दिवसांत सकाळी अकराच्या आत, एक दिवसाआड, हाताला मऊ कापड गुंडाळून फुलांवरून हलकेच फिरवावं. किंवा हेक्टरी चार-पाच मधपेट्या ठेवाव्यात, आणि फुलोऱ्यात औषध मारू नये. मारावंच लागलं तर माश्या परतल्यावर, संध्याकाळी.

आपण मध वर्ज्य मानतो, कारण तो माश्यांच्या श्रमाचा आणि जिवाचा प्रश्न आहे. पण सूर्यफुलाच्या तेलाचा प्रत्येक थेंबसुद्धा माशीच्या फेऱ्यांवर उभा आहे, आणि फुलोऱ्यात मारलेलं औषध आधी तिलाच लागतं, हे मला ओट्यावरच्या त्या बायकांकडून पहिल्यांदा कळलं.

दाणा भरायला लागला की पोपट. गोफण, डबे वाजवणं, माळ्यावर बसून ओरडणं. सगळ्या शिवारात सूर्यफूल असेल तर पाखरं वाटली जातात. एकट्याचंच रान असेल तर सगळी थवी त्याच्याच रानात उतरतात. हेही पुढे लागणार आहे.

फुलाची पाठ पिवळी झाली की कापणी. फुलं कापून खळ्यावर पसरायची, उन्हात वाळवायची, काठीने बडवायची, उफणायची. खरिपाची काढणी नेमकी परतीच्या पावसात सापडली तर फुलं सडतात. बायकांच्या बोलण्यात या पिकाबद्दल कौतुक आणि वैताग दोन्ही असायचं. पीक चांगलं, पण हात फार मागतं.

चढते दिवस

१९८०मध्ये बंगळूरच्या कृषी विद्यापीठातून बी.एस.एच.-१ हा देशातला पहिला सूर्यफुलाचा संकरित वाण आला. संकरित बियांनी उत्पादन वाढलं, झाडं एकसारखी वाढू लागली, फुलं एकाच वेळी तयार होऊ लागली. आपल्या शेजारच्या जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४मध्ये सुरू केलेल्या महिकोनेही सूर्यफुलाचे संकरित वाण काढले, एम.एस.एफ.एच.-८ त्यांपैकी एक. लातूरच्या गळीतधान्य संशोधन केंद्राने मराठवाड्यासाठी वाण तयार केले.

लातूरला हे काम करावंच लागलं, कारण १९८४मध्ये सूर्यफुलावरचा केवडा रोग भारतात पहिल्यांदा दिसला तो लातूर भागातच. झाड खुजं राहतं, पानं पिवळट पडतात, पानाखाली पांढरी बुरशी येते आणि दाणा भरत नाही. रोगाला तोंड देणारे वाण लातूरहून पुढे आले आणि पीक सावरलं.

मे १९८६मध्ये केंद्र सरकारने तेलबियांचं तंत्रज्ञान मिशन सुरू केलं. बियाणं, खत, प्रात्यक्षिकं आणि मुख्य म्हणजे आयातीवर लगाम. बाहेरून स्वस्त तेल येत नव्हतं, म्हणून देशातल्या तेलबियांना भाव होता. 'पिवळी क्रांती' हा शब्द तेव्हाचा. कर्नाटक, आंध्र आणि महाराष्ट्र ही सूर्यफुलाची तीन मोठी राज्यं, आणि महाराष्ट्रात लातूर, उस्मानाबाद, सोलापूर यांच्या बरोबरीने आपला बीड.

१९९३-९४ हे देशातलं शिखराचं वर्ष. सुमारे २६ ते २७ लाख हेक्टरवर सूर्यफूल होतं आणि उत्पादन साडेतेरा लाख टनांच्या घरात गेलं.

याच काळात शहरांतून रिफाइंड तेलाच्या जाहिराती सुरू झाल्या. हलकं तेल, हृदयाला चांगलं, वास नाही. करडीच्या तेलाला आणि शेंगदाण्याच्या तेलाला स्वतःची चव असते, वास असतो. पाहुण्यांसमोर 'वास नसलेलं' तेल वापरणं प्रतिष्ठेचं झालं. आपल्याच जिल्ह्यातलं बी लातूरकडे जाऊन, पिळून, शुद्ध होऊन, चकचकीत डब्यात परत येत होतं. तोवर ठीक होतं. डबा आणि शेत एकाच गावकीतले होते.

उतार

मग व्यापाराचे नियम बदलले. १९९४मध्ये पामोलिनची आयात ६५ टक्के कर लावून खुली झाली. १९९५पासून बहुतेक खाद्यतेलं खुली झाली आणि कर ३० टक्क्यांवर आला; १९९८पर्यंत तो १५ टक्के झाला. पुढे कर पुन्हा चढला, पुन्हा उतरला. एप्रिल २००८मध्ये महागाई रोखायला कच्च्या तेलावरचा कर शून्य करण्यात आला.

तेलांचं असं आहे की एक स्वस्त झालं की बाकीच्यांचा भाव ओढला जातो. मलेशिया-इंडोनेशियाचं पामतेल स्वस्त, मग सूर्यफुलाच्या तेलाला जास्त कोण देणार? आणि तेलाला भाव नाही तर बियांना कुठून? मोंढ्यात भाव सांगितला की शेतकरी गप्प बसायचा, आणि पुढच्या हंगामात त्याच्या मालात सूर्यफुलाचे कट्टे कमी असायचे.

पण फक्त भावाने पीक जात नाही. बाकीची कारणंही एकेक करून जमत गेली.

१९९७च्या सुमारास कर्नाटकात सूर्यफुलावर एक विषाणूजन्य रोग दिसला. पानं, देठ, फूल करपून जातं. तो इतर राज्यांतही पसरला आणि त्यावर औषध नव्हतं.

दुसरं, सोयाबीन. एकदा पेरलं की पोपटाची भीती नाही, फुलावर हात फिरवायचा नाही, काढणी झाली की मळणीयंत्र. तेलाचं प्रमाण सोयाबीनमध्ये सूर्यफुलाच्या निम्मंच, पण पेंडीला परदेशात मागणी, म्हणून गिऱ्हाईक पक्कं. लातूर ही सोयाबीनची मोठी बाजारपेठ झाली आणि केज-अंबाजोगाई-परळीची रानं तिकडे वळली.

तिसरं, कापूस. मार्च २००२मध्ये बी.टी. कापसाला परवानगी मिळाली आणि गेवराई, माजलगाव, बीडकडे कापूस वाढला. जिथे माजलगाव धरणाचं पाणी पोचलं तिथे ऊस.

चौथं, माणसं. आपल्या जिल्ह्यातून दसरा-दिवाळीनंतर लाखो माणसं ऊसतोडीला जातात, नवरा-बायको जोडीने, आणि उन्हाळा लागला की परततात. रब्बीचं सूर्यफूल ऑक्टोबरात पेरून जानेवारीत निघतं. म्हणजे पाखरं राखायच्या आणि बडवणीच्या दिवसांत अर्धं गाव गावात नाही. जे पीक हात मागतं त्याला हात कुठून मिळणार?

आणि पाचवं, मघाशी सांगितलेले पोपट. शिवारातली सूर्यफुलाची रानं कमी होत गेली तशी उरलेल्या रानांवर पाखरांचा मार वाढला. शेवटच्या चार-दोन शेतकऱ्यांनी भावामुळे नाही, पाखरांमुळे सोडलं. पीक एकदा कमी व्हायला लागलं की ते कमी होणंच पुढे त्याचं कारण होतं.

२०२०-२१पर्यंत देशातलं क्षेत्र सव्वादोन लाख हेक्टरच्या आसपास आलं. १९९३-९४च्या दहा भागांपैकी नऊ भाग गेले. महाराष्ट्रात तर काही लाख हेक्टरवरून काही हजारांवर. माझ्या पाहण्यात आता आपल्याकडे दिसतं ते कुठेतरी विहिरीच्या कडेला, उन्हाळी, एखाद्या एकराचं.

एक एकर, एक घर

आता एक छोटा हिशेब करू. कागद घ्या.

आपल्या देशात सूर्यफुलाचं कोरडवाहू उत्पादन हेक्टरी पाच-सहा क्विंटल असं सरासरी राहिलेलं आहे. म्हणजे एकरी साधारण सव्वादोन क्विंटल. पस्तीस टक्के तेल धरलं तर ऐंशी किलोच्या जवळ. पंधरा किलोचे पाच डबे.

आज आपल्या देशात माणशी वर्षाला वीस किलोच्या आसपास खाद्यतेल लागतं. चार माणसांच्या घराला ऐंशी किलो.

म्हणजे चार माणसांच्या एका घराचं वर्षभराचं तेल म्हणजे एका एकराचं सूर्यफूल. आपल्या प्रत्येकीच्या ओट्यावरच्या डब्यामागे कुठेतरी एक एकर आहे. प्रश्न एवढाच की तो एकर कुठे आहे.

२४ फेब्रुवारी २०२२ला त्याचं उत्तर सगळ्यांना मिळालं. रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि आपल्याकडे सूर्यफुलाच्या तेलाचा भाव काही दिवसांत किलोला दोनशेच्या घरात गेला. आपण आयात करत होतो त्या सूर्यफूल तेलाचा फार मोठा हिस्सा युक्रेनचा आणि त्याखालोखाल रशियाचा होता. काळ्या समुद्रातली जहाजं थांबली आणि बीडच्या किराणा दुकानात डबा मिळेना. सरकारने मग दोन वर्षांसाठी दरसाल वीस लाख टन कच्चं सूर्यफूल तेल करमुक्त येऊ दिलं. २०२३-२४मध्ये आपण तीस लाख टनांहून जास्त सूर्यफूल तेल बाहेरून आणलं.

आठवतं ना, १९६९मध्ये बी कुठून आलं होतं? पुस्तोवोइतच्या क्रास्नोदारकडून, काळ्या समुद्राजवळच्या मुलखातून. तेव्हा बी आणलं आणि पंचवीस वर्षं मेहनत करून ते आपल्या मातीत रुजवलं. आता त्याच मुलखातून तयार तेल येतं आणि आपली माती मोकळी आहे.

कोणत्या खात्यावर टाकायचं?

वहीत प्रत्येक जमेला नावे असतं. १९९५नंतर तेल स्वस्त मिळालं ही आपल्या घरांची जमा, आणि ती खरी आहे. गरीब घरात तेलाचा भाव पाच रुपयांनी उतरला तरी फरक पडतो; ज्या बाईने खडी फोडून लेकरं वाढवली तिच्यासाठी स्वस्त पामतेल हा चैनीचा विषय नव्हता. त्यामुळे आयात खुली करणाऱ्यांना सरसकट दोष द्यायला माझी जीभ उचलत नाही. पण तीच रक्कम शेतकऱ्याच्या पानावर नावे पडलेली आहे, आणि ते पान आपण उघडून बघत नाही. शहरातल्या बाईला महागाई वाटते तेव्हा कर कमी होतो. शेतकऱ्याला भाव मिळत नाही तेव्हा कर वाढायला वेळ लागतो.

सरकार हमीभाव जाहीर करतं. २०२५-२६चा सूर्यफुलाचा हमीभाव क्विंटलला ७,७२१ रुपये आहे, सोयाबीनचा ५,३२८. वरवर पाहिलं तर सूर्यफूल फायद्याचं. पण एकरी सव्वादोन क्विंटल सूर्यफुलाचे होतात सतरा हजारांच्या आसपास, आणि एकरी चार क्विंटल सोयाबीनचे एकवीस हजारांच्या वर, तेही पोपटांशिवाय. शिवाय हमीभाव कागदावर असला तरी खरेदी व्हावी लागते. जून २०२३मध्ये हरियाणात शाहाबाद इथे सूर्यफूल उत्पादकांनी महामार्ग अडवला तो याच कारणाने. हमीभाव ६,४०० होता आणि बाजारात भाव त्याच्या बराच खाली.

ऑक्टोबर २०२४मध्ये केंद्राने तेलबियांसाठी १०,१०३ कोटींचं नवं मिशन मंजूर केलं, २०३०-३१पर्यंतचं. त्यात सूर्यफूलही आहे. चांगलं बी आणि दोन पाणी मिळाले तर एकरी उत्पादन दुप्पट-तिप्पट होऊ शकतं हे संशोधन केंद्रांनी दाखवलेलं आहे. पण १९८६चं मिशन चाललं ते बियांमुळे तसंच भावामुळेही, आणि ३० मे २०२५ला कच्च्या तेलावरचा मूळ आयातकर वीसवरून पुन्हा दहा टक्क्यांवर आलेला आहे. एका हाताने बी द्यायचं आणि दुसऱ्या हाताने भाव काढून घ्यायचा, असं होऊ नये एवढीच अपेक्षा.

आपल्या हातात काय?

आपण धोरण ठरवत नाही, पण डबा आपण आणतो. मला सुचतात त्या तीन साध्या गोष्टी.

पहिली, सगळं तेल एकाच प्रकारचं नको. महिन्याच्या तेलात एक-दोन किलो घाण्याचं करडीचं, तिळाचं, शेंगदाण्याचं असू द्या. लाकडी घाणे पुन्हा सुरू झालेत. ते तेल महाग पडतं हे खरं, पण ते पैसे जवळपासच्या रानात जातात. फोडणीला, चटणीवर, ज्वारीच्या भाकरीबरोबर करडीच्या तेलाची चव तुमच्या सुनांना आणि लेकींना एकदा कळू द्या.

दुसरी, तेल कमी वापरा. आपल्याला हे कुणी बाहेरच्याने शिकवायला नको. रसत्याग आपल्या तपांत आहे, तेल ही विगईंतली एक आहे, आणि आयंबिलाच्या ओळीत नऊ दिवस आपण तेलाच्या थेंबाशिवाय राहतो. डॉक्टर मंडळी माणशी वर्षाला बारा किलोच्या आसपास तेल पुरेसं म्हणतात. चार माणसांच्या घरात वीसचे बारा झाले तर वर्षाला बत्तीस किलो वाचतं, म्हणजे दोन डबे. त्या वाचलेल्या पैशांतून घाण्याच्या तेलाचा जादा भाव आरामात निघतो. हा हिशेब मी माझ्या घरात करून बघितला आहे.

तिसरी, ज्यांच्या घरी शेती आहे त्यांनी तुरीत किंवा विहिरीवर चार ओळी सूर्यफूल लावून बघा. एकट्याने लावू नका, शेजारच्या दोघा-तिघांनाही सांगा, म्हणजे पाखरं वाटली जातील. फुलोऱ्यात औषध टाळा. माश्यांचा जीव वाचेल आणि दाणाही भरेल.

तुमच्या माहेरी किंवा सासरी सूर्यफूल कधीपर्यंत होतं, ते कोणत्या पिकासाठी काढलं, आणि आज कुणी लावतं का, हे मला जरूर लिहा. गाव आणि साल आठवत असेल तर तेही लिहा. आपल्या जिल्ह्यातल्या बायकांच्या आठवणींतून ही यादी तयार झाली तर पुढच्या लेखात देईन.